कूलंट चिलर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. दोन टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (उभे मिलिंग मशीन) आणि तपासणीची एक वातानुकूलित खोली, एवढाच पसारा. गेल्या मार्चच्या अखेरीस त्यांपैकी जुन्या टर्निंग सेंटरला आम्ही दीड टन क्षमतेचा कूलंट चिलर, म्हणजे कापताना जॉबवर सोडायचा द्रव (कूलंट) थंड राखणारे यंत्र, जोडला आणि आता उन्हाळा, वळीव आणि पुरता पावसाळा त्याच्यासोबत काढल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण या जातीचे चिलर जवळपास सारख्याच रचनेचे मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांना लागू आहे. आधी निकाल सांगतो: यंत्र घेण्यासारखे आहे, पण ज्या समजुतीने आम्ही ते घेतले ती समजूत चुकीची होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत यंत्राने फायद्याऐवजी नुकसानच केले.

आमचे मुख्य काम बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बेअरिंग हाउसिंगचे आहे. कास्टिंग इथल्याच फौंड्रीतून येते. त्यात ९० मिलिमीटरचा बोअर (गोल भोक) एच-६ या मापवर्गात करायचा असतो, म्हणजे ९०.००० ते ९०.०२२, सगळी मिळून २२ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) मुभा. थंडीच्या दिवसांत हे काम विनातक्रार निघते. एप्रिल लागला की मात्र दुपारी दोननंतर ऑपरेटरची हाक येते, ‘मालक, साईज पळाय लागलीया.’ मग ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) द्यायचा, मोजायचे, पुन्हा ऑफसेट द्यायचा. एवढे करूनही संध्याकाळी मशीनवर पास केलेल्या जॉबपैकी काही सकाळी तपासणीच्या खोलीत लहान निघायचे. लहान निघालेला बोअर पुन्हा मशीनवर लावता येतो, पण एकदा सोडलेला जॉब परत चकमध्ये (मशीनच्या पकडीत) धरून पाच-सात मायक्रॉन काढणे किती जिवावर येते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

याचा हिशेब अवघड नाही. बीड दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेदहा मायक्रॉन वाढते. म्हणजे आमच्या ९० मिलिमीटरच्या बोअरला दर अंशामागे जवळजवळ एक मायक्रॉन. दुपारी शॉपमध्ये ३७ अंश सेल्सिअस असताना टाकीतले कूलंट ४६ अंशांवर गेलेले मी स्वतः मोजले आहे. जॉब त्याच कूलंटमध्ये न्हाऊन बाहेर येतो, म्हणजे तोही त्याच तापमानाच्या आसपास असतो. बोअर गेज ज्या मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या पोलादी कड्यावर) शून्य करतो ती मात्र टेबलावर, ३७ अंशांवर. नऊ अंशांच्या या फरकामुळे बोअर असतो त्यापेक्षा साडेआठ मायक्रॉन मोठा दिसतो आणि निवल्यावर तेवढाच आक्रसतो. मुभाच २२ मायक्रॉनची असताना त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग नुसत्या उष्णतेने खाल्ला, तर टूलची झीज, चकचा दाब आणि माणसाचा हात यांच्यासाठी उरतेच किती?

कूलंट एवढे तापते कशाने, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. आमचा समज होता की कापताना निर्माण होणारी उष्णता त्यात उतरते. ती उतरते, यात शंका नाही, पण कापण्याच्या उष्णतेचा मोठा वाटा चुऱ्याबरोबर निघून जातो. खरा तापवणारा निघाला आमचाच पंप. बोअरमधला बिडाचा चुरा धुऊन निघावा म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच अश्वशक्तीचा, म्हणजे ३.७ किलोवॉटचा, उच्च दाबाचा पंप बसवला होता. मोटरची सारी ताकद द्रवात उतरते असे धरले, तर ३०० लिटरची टाकी १० अंशांनी तापायला एक तासही लागत नाही. चुरा गेला आणि ताप आला, अशी आमची गत झाली होती. ज्यांच्याकडे साधा कमी दाबाचा पंप आहे आणि टाकी मोठी आहे, त्यांनी चिलरच्या भानगडीत पडण्याआधी आठवडाभर दर तासाला टाकीचे तापमान वहीत लिहून पाहावे. कदाचित त्यांना चिलर लागणारही नाही.

आता यंत्राविषयी. चिलरचे दोन प्रकार आम्हाला दाखवण्यात आले. एकात कूलंट पंपाने बाहेर काढून पातळ पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरमधून फिरवतात; दुसऱ्यात स्टेनलेस स्टीलची कॉइल थेट टाकीत बुडवतात. पहिला प्रकार आटोपशीर आहे आणि स्वच्छ कूलंट असेल तर कार्यक्षमही आहे. परंतु बिडाची बारीक भुकटी कूलंटमध्ये मिसळून जो काळा गाळ होतो, तो त्या अरुंद फटींत बसला की काही दिवसांत प्रवाह तुटतो. म्हणून आम्ही बुडणारी कॉइल निवडली आणि हा निर्णय पूर्णपणे योग्य ठरला. कॉइलवरही गाळाचा थर बसतो, पण तो महिन्यातून एकदा ब्रशने घासून काढता येतो. दीड टन क्षमता म्हणजे सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. पंप आणि कापण्याचे काम या दोहोंचा विचार करता ही क्षमता आमच्या मशीनला बेताचीच आहे. यापेक्षा लहान यंत्र घेतले असते तर पस्तावलो असतो.

बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने तापमान २२ अंशांवर लावून दिले आणि जितके थंड तितके चांगले, असे सांगून तो गेला. आम्हालाही ते पटले. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ते १९३१ साली ठरवले आणि आजही ड्रॉइंगवरचे प्रत्येक माप २० अंशांना धरूनच वाचायचे असते. तेव्हा कूलंट २० च्या जवळ नेले की झाले, असा सरळ हिशेब आम्ही केला. चिलर अखंड चालून टाकी २४ अंशांवर राखू लागला, जॉब २६ अंशांवर बाहेर येऊ लागला आणि दुपारी साईज पळायची थांबली. दोन दिवस आम्ही खूष होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या खोलीतून निरोप आला की आदल्या दिवशीच्या ४० जॉबपैकी ११ जॉबचे बोअर वरच्या मर्यादेच्या बाहेर आहेत. लहान नव्हे, मोठे. आणि मोठा झालेला बोअर भंगारातच जातो. काय घडले ते उलगडायला मला पूर्ण दुपार लागली. ऑपरेटरने नेहमीप्रमाणे बोअर गेज टेबलावरच्या ३७ अंशांच्या मास्टर रिंगवर शून्य केला आणि २६ अंशांच्या जॉबमध्ये घातला. अकरा अंशांच्या फरकामुळे गेजला बोअर दहा मायक्रॉनने लहान दिसला. त्याने इमानेइतबारे ऑफसेट देऊन तो मध्यावर आणला, म्हणजे प्रत्यक्षात दहा मायक्रॉनने मोठा केला. त्याची काडीचीही चूक नव्हती. पूर्वी जॉब मास्टरपेक्षा नऊ अंश गरम होता, आता अकरा अंश थंड झाला होता. आम्ही पैसे मोजून चुकीची फक्त दिशा बदलली होती.

या यंत्राचा खरा उपयोग त्यानंतर कळला. पॅनेलवर दुसरी एक पद्धत आहे, जिच्यात ठरावीक तापमान न धरता चिलर मशीनच्या बेडवर चिकटवलेल्या सेन्सरचा माग घेतो आणि कूलंट बेडच्या तापमानाबरोबर किंवा एखाद्या अंशाने खाली राखतो. माहितीपुस्तिकेत या पद्धतीवर जेमतेम दोन ओळी आहेत, आणि ही या उत्पादनाविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे, कारण ज्या शॉपमध्ये वातानुकूलन नाही, तिथे हीच पद्धत वापरायला हवी. बेड हे टनावारी वजनाचे ओतकाम. ते सावकाश तापते, सावकाश निवते. सकाळी २६ अंशांपासून दुपारी ३५-३६ पर्यंत ते हळूहळू चढते आणि कूलंट, जॉब, चक सगळे त्याच्यासोबत चढतात. कोणीच कोणाच्या पुढे पळत नाही.

त्याच वेळी आम्ही मास्टर रिंगची जागाही बदलली. ऑपरेटरच्या वापरातली रिंग आता टेबलावर नसते. मशीनच्या दाराच्या आत, कूलंटच्या परतीच्या धारेखाली एका जाळीत ठेवलेली असते. गेज शून्य करायचा तेव्हा ती पुसून घ्यायची, शून्य करायचे, पुन्हा जाळीत. जॉब बिडाचा आणि रिंग पोलादाची असली, तरी या दोन धातूंच्या प्रसरणात दर मीटर, दर अंश फरक केवळ एका मायक्रॉनचा आहे. म्हणून दोन्ही वस्तू ३७ अंशांवर असल्या, प्रमाण तापमानापेक्षा १७ अंश वर असल्या, तरी आमच्या बोअरमध्ये येणारी चूक दीड मायक्रॉनच्या आसपास राहते. शॉप २० अंशांवर आणण्याचा खर्च आम्हाला कधीही परवडला नसता. जॉब आणि मास्टर एका तापमानावर आणणे परवडले.

परिणाम सांगायचा तर, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसांत, शिफ्टभरातला साईजचा हेलकावा पाच-सहा मायक्रॉनच्या आत राहिला. त्याआधीच्या वर्षी आमच्याच वहीत तो १८ ते २० मायक्रॉन नोंदलेला आहे. पूर्वी दर सहा-सात जॉबमागे ऑफसेट द्यावा लागे. आता शिफ्टमध्ये दोनदा, तोही टूलच्या झिजेपायी. सकाळच्या तपासणीत परत येणारे जॉब बंद झाले, असे म्हणणार नाही, पण जे येतात त्यांचे कारण शोधले की ते उष्णतेखेरीज दुसरेच काही निघते.

चिलर काय करू शकत नाही, हेही लिहायला हवे, कारण विक्रेते यावर गप्प बसतात. स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता आणि एक्स अक्षाच्या बॉलस्क्रूची (टूल सरकवणाऱ्या स्क्रूची) वाढ यांच्यापर्यंत कूलंट नीट पोहोचत नाही. सकाळी थंड मशीन चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आमची साईज आजही दहा-बारा मायक्रॉन सरकते. टूल त्रिज्येत पाच मायक्रॉन हलले की व्यासात दहा होतात. त्यावर उपाय जुनाच आहे, वीस मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्राम, आणि तो चिलर आल्यावरही चुकत नाही. जेवणाच्या सुट्टीत स्पिंडल कमी वेगावर फिरता ठेवणे, हीदेखील आम्ही सवय करून घेतली आहे. अचूक मापनातले अमेरिकन अभियंते जेम्स ब्रायन यांनी १९९० साली मशीन टूलच्या एकूण चुकांपैकी ४० ते ७० टक्के चुका उष्णतेमुळे होतात असे मांडले होते. स्वतःच्या वहीत बारा महिने तापमान लिहिल्यावर मला तो आकडा मुळीच अतिशयोक्त वाटत नाही.

आता एक प्रकार सविस्तर सांगतो, कारण जागा निवडताना तो कोणाच्याही लक्षात येत नाही. चिलर उष्णता नाहीशी करत नाही. टाकीतून उचलून, तिच्यात कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता मिसळून, मागच्या पंख्यातून शॉपमध्ये फेकतो. आमच्या चिलरचे तोंड शेजारच्या व्हीएमसीकडे होते. पंधरवड्याभरात व्हीएमसीवरच्या एका प्लेटमध्ये, फिक्स्चरच्या (जॉब बसवायच्या साच्याच्या) पिनपासून बोअरचे वाय दिशेतले अंतर १५ ते २० मायक्रॉनने चुकू लागले. फिक्स्चर तपासले, टूल होल्डर बदलला, टेबलाची लेव्हल पाहिली. काही सापडेना. शेवटी आमच्या तपासनिसाने मशीनच्या उभ्या कॉलमच्या पाठीवर एक हात आणि पोटावर दुसरा हात ठेवला आणि मला बोलावले. पाठ कोमट लागत होती. थर्मामीटर लावला तर दोन्ही बाजूंत दोन अंशांचा फरक निघाला. एक मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड कॉलमच्या एका बाजूला दोन अंश जास्त असले, तर तो दुसऱ्या बाजूला झुकतो आणि त्याचा माथा वीसेक मायक्रॉन सरकतो. कागदावर मांडलेला हिशेब आणि प्लेटवरची चूक इतकी तंतोतंत जुळली की मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला, जरी जॉब आमचेच बिघडले होते. चिलरचे तोंड फिरवून त्याला पत्र्याचा डक्ट लावला आणि गरम हवा भिंतीबाहेर काढली. व्हीएमसी दोन दिवसांत पूर्ववत झाली. ही सूचना पुस्तिकेत ठळक अक्षरांत असायला हवी होती, ती नाही.

पावसाळ्यात वेगळीच अडचण आली. जुलैत इथली हवा २५ अंशांच्या आसपास आणि कमालीची दमट असते. हवेत ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २३ अंशांच्या वर जातो. त्यापेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरते. दुसऱ्या शिफ्टमध्ये कोणीतरी चांगल्या हेतूने यंत्र पुन्हा ठरावीक तापमानावर, १८ अंशांवर, लावले. सकाळी पाहतो तर पाइपांवरून पाणी ठिबकत होते, चकचे जबडे ओले होते आणि रात्री तयार झालेल्या बोअरमध्ये तांबूस गंजाची झाक आली होती. बेडचा माग घेणाऱ्या पद्धतीत ही वेळ येत नाही, कारण कूलंट हवेपेक्षा फारसे थंड होतच नाही. पण पॅनेलला कुलूप किंवा पासवर्ड नाही, कोणीही बटण दाबून पद्धत बदलू शकतो. आम्ही पॅनेलवर पारदर्शक झाकण बसवून त्याला छोटे कुलूप लावले आहे.

देखभालीविषयी थोडक्यात. कंडेन्सरची जाळी आठवड्यातून एकदा साफ करावी असे सांगितले होते; बिडाच्या धुळीत ती चौथ्या दिवशीच भरते. पडद्यावरचे तापमान आमच्या कॅलिब्रेट केलेल्या थर्मामीटरपेक्षा दीड अंशाने कमी दाखवत होते; आत दुरुस्तीची सोय आहे, पण ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. टाकीतला सेन्सर परतीच्या धारेजवळ लोंबकळत होता, तो पंप जिथून कूलंट ओढतो तिथे हलवल्यावर कॉम्प्रेसरचे सारखे चालू-बंद होणे थांबले. वळवाच्या पावसात वीज गेली की कॉम्प्रेसर तीन मिनिटे थांबून मगच सुरू होतो, आणि ही व्यवस्था चांगली आहे. जूनमध्ये पंखा बंद पडला तेव्हा तंत्रज्ञ यायला नऊ दिवस लागले. भर मेमध्ये असे झाले असते तर आमची डिलिव्हरी बुडाली असती.

खर्च जीएसटी सोडून सव्वा लाखाच्या आसपास आला, डक्ट वेगळा. दोन शिफ्टना मिळून वीज १५ ते २० युनिट लागते. एक फायदा आम्ही धरलाच नव्हता: कूलंटचा कुजका वास. कोमट कूलंटमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात आणि साप्ताहिक सुट्टीनंतर शॉपचे दार उघडले की तो वास नाकात जायचा. आता तो बराच कमी झाला आहे. बाष्पीभवन घटल्यामुळे पाण्याची भरही कमी लागते आणि रिफ्रॅक्टोमीटरवरचे पाण्यातल्या कूलंट तेलाचे प्रमाण सहा-सात टक्क्यांवर स्थिर राहते. ऑपरेटरांच्या हाताला सुटणारी खाजही या उन्हाळ्यात जाणवली नाही, आणि माझ्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. ॲल्युमिनियम दर मीटर, दर अंश सुमारे २३ मायक्रॉन वाढते, पोलादाच्या दुप्पट. त्यामुळे जॉब आणि पोलादी मास्टर एकाच तापमानावर ठेवण्याची आमची युक्ती तिथे पुरत नाही. त्याच ९० मिलिमीटरच्या बोअरमध्ये, ३६ अंशांवर दोन्ही अगदी समान असले तरी साडेसोळा मायक्रॉनची चूक राहते. तिथे ॲल्युमिनियमचाच मास्टर करून घ्यावा किंवा तापमान मोजून हिशेबाने दुरुस्ती करावी. एका पंप बॉडीच्या नमुन्यासाठी आम्ही पहिला मार्ग धरला आणि तो जमला.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या टर्निंग सेंटरसाठी अशाच चिलरची मागणी नोंदवली. या वेळी ऑर्डरवर तीन अटी लिहून दिल्या आहेत: बेडचा माग घेणारी पद्धत कारखान्यातूनच लावून यावी, पॅनेलला कुलूप असावे आणि गरम हवेच्या तोंडाला डक्ट जोडण्याची फ्लँज असावी. विक्रेत्याने पहिल्या दोन लगेच मान्य केल्या. तिसरीसाठी ड्रॉइंग मागितले, ते मी काल पाठवले.